डेन्मार्कमध्ये शिकायला निघालात? आधी नंबर, मग सायकल, मग माणसं

डेन्मार्कला निघालेल्या मुलामुलींचे प्रश्न बहुतेक थंडीचे आणि खर्चाचे असतात. थंडीला जाकीट आहे, खर्चाचा अंदाज महिनाभरात येतो. दमछाक होते ती वेगळ्याच दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण कागदपत्रांचा क्रम. तो चुकला की सीपीआर या एका सरकारी ओळख-नंबरावाचून पाच कामं अडकतात. दुसरं ठिकाण ओळखी. इथे कुणी आपणहून खोलीचं दार वाजवून ‘चल, चहा मारू’ म्हणत नाही. ओळख तारीख आणि वेळ ठरवून करावी लागते, आणि हे लक्षात यायला पुष्कळांचं पहिलं सत्र जातं. तुमचं जाऊ नये म्हणून हा क्रम.

पहिली पायरी: निघण्याआधी पत्ता

विमानाच्या तिकिटाआधी राहायची सोय बघा, कारण पुढची सगळी नोंदणी पत्त्यावर होते. विद्यापीठाकडे खोल्यांचा कोटा असेल तर अर्ज त्याच दिवशी भरा. नाहीतर कोलेगियम, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहं, यांच्या प्रतीक्षायादीत प्रवेश पक्का होताच नाव घाला. कोपनहेगन आणि ऑर्हुसमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात खोली मिळवणं म्हणजे दिवाळीत कोकणकन्येचं तिकीट मिळवण्यासारखं आहे.

खाजगी घरमालकाला एक प्रश्न आधीच विचारा: या पत्त्यावर माझी सरकारी नोंद करता येईल का? उत्तर ‘नाही’ किंवा गुळमुळीत आलं तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा. करार हातात नसताना आणि घर कुणी प्रत्यक्ष बघितलेलं नसताना पैसे पाठवू नका. परदेशी विद्यार्थ्यांना हेरून फसवणारे इथेही आहेत. घरमालक तीन महिन्यांपर्यंतचं भाडं अनामत म्हणून आणि तीन महिन्यांपर्यंतचं आगाऊ मागू शकतो, ते कायद्यात बसतं. खोली ताब्यात आली की भिंतीवरचे ओरखडे, जमिनीवरचे डाग, नळाची गळती, सगळ्याचे फोटो काढा आणि १४ दिवसांच्या आत लेखी कळवा. आधीच्या भाडेकरूच्या खिळ्यांचे पैसे तुमच्या अनामतीतून जाऊ नयेत म्हणून ही खटपट.

दुसरी पायरी: बॅग

आईला आधीच सांगा: साजूक तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, आंबे, हिरव्या मिरच्याही वनस्पती-तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. गोडा मसाला, कोकम, मेतकूट, लसणाची चटणी, पापड खुशाल न्या. तूरडाळ आणि कणकेनं वजन वाढवू नका. कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागातल्या दुकानांत किंवा ऑर्हुसच्या बझार वेस्टमध्ये ती मिळते.

कुकर न्यायचा तर इंडक्शनवर चालणारा न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आहे, पण आपल्या जाड गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही. दोन अडॅप्टर आणि घरूनच नेलेलं एक एक्स्टेंशन बोर्ड पुरतं. नेहमीची औषधं असतील तर चिठ्ठीसकट न्या. मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत, आणि जोडीदारासोबत जात असाल तर विवाहाचा दाखलाही. जाड लोकरी स्वेटरांचा ढीग मात्र नको. डॅनिश हवेत बर्फापेक्षा वारा आणि भुरभुर पाऊस जास्त, त्यामुळे वारा अडवणारं जाकीट आणि वरून चढवायची पावसाळी विजार जास्त कामी येते. दोन्ही तिकडेच घ्या.

तिसरी पायरी: पहिल्या आठवड्यात नंबर

सीपीआर नंबर म्हणजे दहा आकडी ओळख. पहिले सहा आकडे तुमची जन्मतारीख, पुढे चार, आणि शेवटचा आकडा पुरुषांना विषम, स्त्रियांना सम. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यावर लगेच, पाच दिवसांच्या आत, नोंदणीला लागा. कोपनहेगन, ऑर्हुस, ओडेन्स आणि ऑल्बोर्गला परदेशी लोकांसाठी इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिसची कार्यालयं आहेत. पासपोर्ट, निवास परवाना आणि भाडेकरार घेऊन जा. त्यानंतर पिवळं आरोग्य कार्ड टपालानं येतं आणि त्यावर तुमच्या डॉक्टरांचं नाव छापलेलं असतं. लेटरबॉक्सवर तुमचं नाव नसेल तर मात्र टपाल परत जातं. कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून चिकटवलं तरी चालेल, पण पहिल्या दिवशी चिकटवा.

नंबर आला की क्रम असा: मिटआयडी, बँक खातं, मोबाइलपे. मिटआयडी ही सगळीकडे चालणारी डिजिटल सही. ती नसेल तर बँक, कर खातं, सरकारी टपाल काहीच उघडत नाही. बँक खात्याला कधीकधी आठवडे लागतात, तोवर निभावेल एवढे पैसे परदेशी चालणाऱ्या कार्डावर ठेवा. नोटा फारशा लागत नाहीत. मोबाइलपे हे तिथलं यूपीआय समजा, शनिवारच्या जुन्या बाजारातली आजीसुद्धा त्यावरच पैसे घेते.

नोकरी मिळाली तर पहिल्या पगाराआधी कर खात्याकडून कर कार्ड काढा. ते नसेल तर मालकाला तुमच्या पगारातून सरळ ५५ टक्के कापावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना साधारणपणे महिन्याला ९० तास आणि जून, जुलै, ऑगस्टमध्ये पूर्णवेळ काम करता येतं. तुमच्या परवान्याच्या पत्रात नेमकं काय लिहिलंय ते वाचा आणि ती मर्यादा ओलांडू नका. ‘सगळेच करतात’ हे तिथे चालत नाही, परवाना जाऊ शकतो.

चौथी पायरी: सायकल

जुनी सायकल घ्या, पण विकणाऱ्याकडून चौकटीवरचा क्रमांक असलेली पावती किंवा निदान मेसेज घ्या. चोरी झाली तर पोलीस आणि विमा दोघेही तो क्रमांक विचारतात. विकत घेण्याआधी गल्लीत एक फेरी मारा. पुष्कळ डॅनिश सायकलींना मागचा ब्रेक पायात असतो: पॅडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपण सिग्नलला उभे राहिलो की सवयीनं पॅडल उलटं फिरवून पाय सोयीचा करतो, ते इथे जमत नाही. पहिले दोन दिवस हात हवेतच ब्रेक शोधत राहतो.

रस्त्याची बाजू उजवी. सायकलींच्या पट्ट्यातही उजवीकडे राहायचं, मागून येणारा डावीकडून पुढे जातो आणि घंटी वाजवतो. ती शिवी नसते, सूचना असते. थांबायचं असेल तर हात वर, वळायचं असेल तर त्या दिशेला हात. डावीकडे वळताना गाड्यांसारखं चौकाच्या मध्यात जायचं नाही. सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, थांबायचं, तिथला सिग्नल हिरवा झाला की डावीकडे. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसेल तर दंड. चालताना सायकलच्या पट्ट्यात उभं राहून फोन बघणं हा नवख्यांचा सगळ्यात ठळक गुन्हा, सकाळी आठ वाजता कोपनहेगनमध्ये तो करून बघू नका.

आगगाडी आणि मेट्रोला फाटकं नाहीत, कुणी अडवतही नाही. तिकीट तपासनीस मात्र कधीही येतो आणि ‘नवीन आहे’ हे कारण त्याला पाठ असतं. राइसेकोर्ट या प्रवासकार्डाचं ॲप घ्या, चढताना चेक-इन आणि उतरल्यावर चेक-आउट. आगगाडीत ‘स्टिले’ लिहिलेला डबा शांततेचा, तिथे घरी व्हिडिओ कॉल लावू नका.

पाचवी पायरी: बाजार

नेट्टो, रेमा १००० आणि लिडल ही रोजची दुकानं. दर वस्तूला रुपयांत गुणत बसलात तर उपाशी राहाल, आठवड्याभरात ते सोडून द्या. नळाचं पाणी पिण्याजोगं आणि चांगलं असतं, बाटली विकत घेऊ नका. केर्नेमेल्क नावाचं ताक प्रत्येक दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं. कढी त्याची फर्मास होते. शाकाहारी असाल तर ‘स्विने’ (डुक्कर) आणि ‘ओक्से’ (बैल) हे शब्द डोळ्यांत भरून घ्या, आणि गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन आहे का ते बघा.

बाटल्या-कॅन फेकू नका. त्यावर ए, बी किंवा सी असं चिन्ह असतं, आणि त्याप्रमाणे १, दीड किंवा ३ क्रोनर अनामत तुम्ही घेतानाच भरलेली असते. दुकानाच्या दाराशी यंत्र असतं. बाटली न चेपता एकेक आत सरकवायची, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची. पार्टीनंतर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली पोतडी कोण नेणार यावर रीतसर चर्चा होते, कारण त्यात जेवणाचे पैसे सुटतात.

सहावी पायरी: सामायिक स्वयंपाकघर

खरी देवाणघेवाण होते ती इथे, विद्यापीठाच्या ‘आंतरराष्ट्रीय संध्याकाळी’त नाही. कोलेगियममध्ये दहा-बारा खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर असतं. फ्रिजमधला तुमचा कप्पा ठरलेला, साफसफाईची पाळी भिंतीवर लावलेली, आणि अधूनमधून स्वयंपाकघराची बैठक. या बैठकीला जाच. तुमच्या कुकरच्या शिट्टीबद्दल किंवा सिंकमधल्या कढईबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल तर ते तिथे सरळ तोंडावर बोलतील आणि पाच मिनिटांनी तुमच्याशीच हसत कॉफी पितील. ते मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला काही खटकत असेल तर तुम्हीही तसंच सांगा. नाराजी चेहऱ्यावरून ओळखावी अशी अपेक्षा ठेवलीत तर ती कुणी ओळखणार नाही.

फोडणी हा स्वतंत्र विषय आहे. वरचा पंखा आधी चालू करा, खोल्यांकडे जाणारं दार लावा, खिडकी उघडा आणि मगच मोहरी टाका. सुक्या मिरचीच्या धुरानं आगीचा गजर वाजला आणि अग्निशमन दल आलं, तर विनाकारण आल्याचं बिल काही हजार क्रोनरचं होऊ शकतं. आणि ते मजल्याच्या नावावर निघालं तर पुढची बैठक तुमच्यावरच होईल.

काही मजल्यांवर सामूहिक जेवणाचा वार असतो: एकानं रांधायचं, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पहिल्याच महिन्यात आपलं नाव लिहा. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर एवढं पुष्कळ होतं. पुरणपोळीचा घाट घालू नका. जेवण सहाला म्हणजे सहाला. खर्च माणशी ३७ क्रोनर आला तर ३७च मागा. ‘राहू दे रे’ म्हणालात तर समोरच्याला तो उपकार वाटून अवघडल्यासारखं होतं.

वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानंच आणायचा असतो. टेबलावर डॅनिश झेंड्याच्या छोट्या काड्या टोचलेल्या दिसतील. तो तिथे देशभक्तीचा प्रसंग नसून आनंदाचा आहे. पंचविशीत लग्न झालेलं नसेल तर मित्र अंगावर दालचिनीची पूड उधळतात, तिशीत मिरपूड. स्वतःवर ही वेळ येणार असेल तर जुने कपडे तयार ठेवा.

सातवी पायरी: वर्ग

प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची. सुरुवातीला जीभ अडखळते, पण ‘सर, सर’ ऐकून त्यांनाच कसंसं होतं. अनेक विद्यापीठांत वेळापत्रकातले दहा म्हणजे सव्वादहा, त्या पाव तासाला ‘शैक्षणिक पाव तास’ म्हणतात. तुमच्या विभागात तो पाळतात का हे विचारून घ्या. इतर सगळीकडे दहा म्हणजे दहा.

तास कमी असतात म्हणून हुरळून जाऊ नका, वाचन तुमच्यावर सोडलेलं असतं. ऑल्बोर्ग आणि रोस्किल्डे ही विद्यापीठं तर १९७० च्या दशकात गट-प्रकल्पाच्या पायावरच उभी राहिली. गटात पुढारी नसतो. प्रत्येक गोष्ट चर्चेनं ठरते आणि ती चर्चा आपल्याला कधीकधी अंतहीन वाटते. तुम्ही गप्प राहिलात तर ‘नम्र आहे’ असं न समजता ‘याला काही म्हणायचं नाही’ असं समजतात. मत पटलं नाही तर कारण देऊन सांगा. चार वाजले की गटातला कुणीतरी मुलाला पाळणाघरातून आणायला उठेल, काम अर्धवट असलं तरी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तोंडी परीक्षेची धास्ती सगळ्यांना असते. समोर तुमचे शिक्षक आणि बाहेरचा एक परीक्षक. आधी तुम्ही काही मिनिटं मांडणी करता, मग प्रश्न. माहीत नसेल तर ‘मी हे अशा रीतीनं शोधेन’ म्हणून विचार मोठ्यानं करा, पाठांतरापेक्षा त्याला गुण आहेत. मग तुम्हाला बाहेर व्हरांड्यात पाठवतात, पाच मिनिटांनी परत बोलावतात आणि तोंडावर गुण आणि त्याची कारणं सांगतात. २००७ पासूनची श्रेणी अशी: १२, १०, ७, ४, ०२, ००, उणे ३. उत्तीर्ण व्हायला ०२ लागतात. आकड्याआधी शून्य लावण्याचं कारण साधं आहे, २ च्या आधी कुणी १ लिहू नये. सात मिळाले तर घरी रडत फोन करू नका, सात हा चांगला गुण आहे.

आठवी पायरी: भाषा

इंग्रजीवर निभतं, अगदी सहज. तरीही नगरपालिकेच्या भाषाशाळेत नाव घाला. निवास परवाना असलेल्यांना शिकवणी फुकट असते, फक्त परत मिळणारी अनामत भरावी लागते. जेवणाच्या टेबलावर तुम्ही एकटे नवे असाल तर सगळे इंग्रजीत बोलतात, पण विनोद आला की गाडी डॅनिशवर घसरते. तेवढं समजण्यापुरती भाषा हवी.

उच्चार कठीण आहेत, अर्धी अक्षरं गिळली जातात. आकड्यांत मात्र मराठी माणसाला आयती सवलत आहे. पंचवीस म्हणताना आपणही पाच आधी घेतो, तेही. पन्नास म्हणजे मुळात ‘अडीच विसा’, साठ म्हणजे ‘तीन विसा’, सत्तर ‘साडेतीन विसा’, नव्वद ‘साडेचार विसा’. विसांत मोजणारी आजी ज्यांच्या घरी होती त्यांना हे लगेच कळतं, इंग्रज आणि जर्मन वर्गमित्र डोकं धरून बसतात. वेळेत सावध राहा: ‘हॅल ट्रे’ म्हणजे अडीच, साडेतीन नाही.

नववी पायरी: माणसं

आता मूळ मुद्द्यावर. डॅनिश मुलामुलींचे मित्र बहुतेक शाळेपासूनचे असतात आणि आठवडा आखलेला असतो. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असून ते उभे राहतील, त्याचा तुमच्या रंगाशी संबंध लावायची घाई करू नका. एकमेकांशीही ते तसेच वागतात. ‘ये ना घरी कधीतरी’ हे वाक्य तिथे कुणी हवेत सोडत नाही. बोलावलं तर तारीख देऊन बोलावतात, तीन आठवड्यांनंतरची असली तरी.

दार कुठे उघडं असतं? फोरेनिंगमध्ये, म्हणजे सदस्यांनी चालवलेल्या मंडळात. गायन, बोटिंग, बोर्ड गेम, शिवण, धावणं, सगळ्याची मंडळं आहेत. वर्गणी भरायची आणि दर मंगळवारी सातला हजर व्हायचं. पहिले काही मंगळवार फक्त खेळच होतो. पुढे कुणीतरी विचारतं, ‘मागच्या वेळी दिसला नाहीस?’ मैत्रीची सुरुवात झाली असं खुशाल धरून चाला. आपल्या मुलांना बॅडमिंटनचं मंडळ सगळ्यात सोपं जातं. व्हिक्टर ॲक्सेलसनच्या या देशात प्रत्येक गावात कोर्ट आहे, आणि १९८० च्या दशकात प्रकाश पदुकोण सरावासाठी डेन्मार्कलाच जाऊन राहिले होते. गप्पांना आणखी एक विषय: लार्सन अँड टुब्रो. १९३८ मध्ये मुंबईत ती सुरू करणारे हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे डॅनिश अभियंते होते. पवईतून आला असाल तर यावर अर्धा तास सहज जातो.

शुक्रवारी दुपारनंतर विभागातच विद्यार्थ्यांनी चालवलेला बार असतो. पीत नसाल तरी जा. हातात लिंबूसरबताचा ग्लास चालतो, कुणी आग्रह करत नाही. ग्लास उंचावून ‘स्कोल’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासाकडे नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात बाहेर पडायचा कंटाळा येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोपनहेगनला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. दुपारी बाहेर चालायला जा, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि मंगळवारचं मंडळ चुकवू नका. २४ ते २६ डिसेंबर बहुतेक सगळं बंद असतं आणि वसतिगृहं रिकामी होतात. कुणी नाताळला घरी बोलावलं तर संकोच न करता जा. झाडाभोवती हात धरून गाणी म्हणत फिरावं लागतं, आणि शेवटच्या भाताच्या खिरीत एकच अख्खा बदाम असतो. तो ज्याच्या वाटीत येतो त्याला बक्षीस, म्हणून तो मिळालेला माणूस शेवटपर्यंत गालात लपवून ठेवतो.

आजारी पडलात तर आधी कार्डावरच्या डॉक्टरांना फोन. दवाखाना बंद असेल तर राजधानीच्या भागात १८१३, जिवावरचं असेल तर ११२. डॉक्टर फुकट, दातांचे नाहीत. दात भारतातूनच दाखवून या. साध्या सर्दीतापाला अँटिबायोटिक मिळणार नाही, पाणी आणि झोप मिळेल.

दहावी पायरी: तुमच्याकडचं बोलावणं

दिवाळीला किंवा गणपतीला लोकांना बोलवा, पण त्यांच्या पद्धतीनं. तीन-चार आठवडे आधी तारीख, सुरू व्हायची आणि साधारण संपायची वेळ, जेवण शाकाहारी आहे आणि तिखट किती आहे, हे सगळं लिहून कळवा. ‘मी काय आणू?’ असं प्रत्येक जण विचारेल. ‘काही नको’ म्हणू नका. कुणाला ब्रेड, कुणाला सरबत, कुणाला मेणबत्त्या सांगा. सहाचं निमंत्रण असेल तर सहाला दोन मिनिटं असताना ते दाराबाहेर उभे असतील, म्हणून साडेपाचला आंघोळीला जाऊ नका. दाराशी ते चपला-बूट काढतील, ते सांगावं लागत नाही.

आरती करणार असाल तर आधी दोन वाक्यांत काय चाललंय ते सांगा आणि झांजा त्यांच्या हातात द्या. गाणी म्हणायची त्यांना लहानपणापासून सवय असते, शब्द रोमन लिपीत छापून दिलेत तर दुसऱ्या कडव्यापासून ते सुरात येतात. वाढताना मात्र आग्रह आवरा. ‘नको’ म्हणजे नको, आणि ताटात बळेच वाढलेलं तो माणूस सभ्यपणानं संपवेल आणि पुढच्या वेळी येताना विचार करेल. जेवण झालं की दोघं-तिघं उठून भांडी घासायला लागतील. त्यांना अडवू नका, कुकरची रबरी रिंग कुठे ठेवायची तेवढं सांगा.